वाचकांचे प्रश्न : बोर्ड झोपलं तरी क्लॉक चालूच

प्रश्न : काका नमस्कार, मी वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कंपनीत दोन वर्षं काम करतेय. आमचं लिनक्सवालं बोर्ड ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान दर १० मिनिटांनी घेतं, मेमरी कार्डवर लिहितं आणि सस्पेंडला, म्हणजे झोपेत, जातं. आयटूसी कंट्रोलरचा (दोन तारांच्या बसवरून बाकी चिपांशी बोलणारा भाग) ड्रायव्हर आमच्याच इथे लिहिलेला आहे, ऑटोसस्पेंड १ सेकंदाचा, म्हणजे तेवढा वेळ काम नसलं की कंट्रोलर आपोआप झोपतो. काही बोर्डांवर चालू केल्यावर लॉगमध्ये एकदाच क्लॉक (कंट्रोलरला चालवणारे ठोके) 'ऑलरेडी डिसेबल्ड', म्हणजे आधीच बंद, अशी वॉर्निंग येते, नंतर कधीच नाही, पण नेमकी त्याच बोर्डांची बॅटरी निम्म्या दिवसांत संपते. शिवाय कधीकधी उठल्या उठल्या बॅटरी गेजचं (चार्ज मोजणारी चिप) रीडिंग माइनस १३ हा एरर देऊन फेल जातं. आमचे सर म्हणतात तीनदा रीट्राय टाक आणि पुढे चल. टाकू का?
– एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : नको टाकूस. सरांना त्रास लवकर मिटवायचाय हे समजतं, पण या ठिकाणी रीट्रायने बॅटरी अजून लवकर जाईल, का ते खाली सांगतो.

आधी ती वॉर्निंग. तू ड्रायव्हरचा कोड पाठवला नाहीस पण लक्षणं इतकी ओळखीची आहेत की मी जवळजवळ खात्रीने सांगतो, तुमच्या सस्पेंड फंक्शनमध्ये सरळ क्लॉक डिसेबल लिहिलंय आणि रीझ्यूममध्ये सरळ एनेबल, आणि तोच क्लॉक रनटाइम पीएमसुद्धा (बोर्ड जागं असतानाच रिकाम्या डिव्हाइसला झोपवायची लिनक्सची सोय) बंद-चालू करतंय. म्हणजे एका दिव्याला दोन बटणं आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. आता बघ काय होतं. कार्डवर लिहिणं पटकन झालं तर सेकंद व्हायच्या आत सिस्टिम सस्पेंड, म्हणजे अख्ख्या बोर्डाची झोप, येतो, कंट्रोलर जागाच असतो, क्लॉक कितीदा चालू केलाय याची मोजणी १ वरून ० होते, सगळं ठीक. कार्ड रेंगाळलं की सेकंद उलटतो, रनटाइम पीएम क्लॉक बंद करून मोकळं होतं, आणि मग तुमचं सस्पेंड फंक्शन येऊन ० असलेल्याला पुन्हा बंद करतं. ती तुझी वॉर्निंग. पण खरं नुकसान रीझ्यूमला होतं. तिथे क्लॉक चालू होतो, मोजणी १, आणि रनटाइम पीएमच्या लेखी कंट्रोलर अजून झोपलेलाच. पुढच्या ट्रान्सफरला मोजणी २ होते, संपल्यावर १ वर येते, शून्यावर कधीच नाही. आणि मग एखाद्या वेळी कार्ड पटकन लिहून झालं की सस्पेंड २ वरून १ करतं आणि बोर्ड क्लॉक चालू ठेवूनच झोपतं. वॉर्निंग पुन्हा का येत नाही याचंही उत्तर हेच, शून्याखाली जायची वेळच येत नाही. लोक म्हणतात एकदाच आली, सोडून दे, आणि तिथेच चुकतं.

उपाय म्हणजे क्लॉकला हात लावायचा तो फक्त रनटाइम सस्पेंड आणि रनटाइम रीझ्यूम या दोन फंक्शनमध्ये. सिस्टिम स्लीपसाठी पीएम रनटाइम फोर्स सस्पेंड आणि फोर्स रीझ्यूम लावायचं, ते आधी बघतं की डिव्हाइस झोपलेलं आहे का, असेल तर क्लॉकला परत हात लावत नाही. तुमच्या चिपमध्ये झोपेत पॉवर डोमेनच (त्या भागाचा वीजपुरवठा) जात असेल तर बस स्पीडचे रजिस्टरसुद्धा रनटाइम रीझ्यूममध्येच पुन्हा लिही, नाहीतर ४०० किलोहर्ट्झवर लावलेली बस उठल्यावर रीसेटच्या व्हॅल्यूवर असते.

आता माइनस १३. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांचा जिना तू बघितलाच असशील, दिवसासुद्धा अंधार. वरचे सगळे खाली उतरले की शेवटचा माणूस जिन्यातला दिवा घालवतो, आणि वर जाताना आधी दिवा लागतो मग माणसं चढतात. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, हा क्रम पाळतो, गेज आधी झोपतं, कंट्रोलर नंतर, उठताना उलट. पण इंटरप्टचा थ्रेड (चिपने हाक मारली की धावणारा कोड) या रांगेत उभाच नसतो. रीझ्यूममध्ये नो-आयआरक्यू टप्पा (आयआरक्यू म्हणजे इंटरप्ट, ते यात बंद असतात) संपला की इंटरप्ट उघडतात, गेजने अलर्टची लाइन खाली ओढलेली असली तर त्याचा हँडलर लगेच बसवर जातो, आणि तोवर कंट्रोलरचं रनटाइम पीएम बंदच असतं, ते कंट्रोलरच्या पुढच्या, अर्ली टप्प्यात उघडतं. म्हणून पीएम रनटाइम गेट सिंक, म्हणजे कंट्रोलरला जागं करणारा कॉल, माइनस १३ (परवानगी नाही), म्हणजे ईअॅक्सेस, देतं. चूक कंट्रोलरची नाही, गेजच्या ड्रायव्हरची आहे. त्याच्या सस्पेंडमध्ये डिसेबल आयआरक्यू, रीझ्यूममध्ये एनेबल आयआरक्यू, आणि त्या लाइनने बोर्ड उठवायचं असेल तर आयआरक्यू वेक चालू. कर्नलमधला मॅक्स १७०४२ या गेज चिपचा ड्रायव्हर अगदी हेच करतो, उघडून वाच, पाच मिनिटं लागतील.

आणि रीट्राय. पीएम रनटाइम गेट सिंक फेल झालं तरी युसेज काउंट (कंट्रोलर किती जणांना हवाय तो आकडा) वाढवूनच परत येतं. तुमचा कोड एरर बघून तिथूनच रिटर्न करत असेल तर तीन रीट्राय म्हणजे काउंट तीनने वर, आणि तो खाली आणणारं कोणी नाही, मग कंट्रोलर पुन्हा कधी ऑटोसस्पेंडला जाणारच नाही. कर्नल ५.१० पासून पीएम रनटाइम रीझ्यूम अँड गेट आहे, ते फेल झालं तर काउंट स्वतःच उतरवतं, तेच वापर. सोबत सस्पेंडमध्ये आयटूसी मार्क अॅडॅप्टर सस्पेंडेड आणि रीझ्यूममध्ये मार्क रीझ्यूम्ड टाक, म्हणजे झोपलेल्या बसवर कोणी आलं की 'ट्रान्सफर व्हाइल सस्पेंडेड' अशी वॉर्निंग स्टॅकसकट (कॉल कुठून आला ती यादी) मिळते आणि माइनस १०८ हा एरर परत जातो, चोर हातात सापडतो.

तपासताना एक गोष्ट सांभाळ. पीएम टेस्टमध्ये (सस्पेंड एका टप्प्यापर्यंतच नेऊन तपासायची कर्नलची फाइल) 'डिव्हाइसेस' लिहून बरेच जण समाधानी होतात, पण त्या पातळीवर लेट आणि नो-आयआरक्यू टप्पे चालतच नाहीत, 'प्लॅटफॉर्म' लिही. बूट करताना नो कन्सोल सस्पेंड दे, म्हणजे झोपताना-उठतानाचे मेसेजही दिसतील. मग कंट्रोलरच्या पॉवर कंट्रोलमध्ये ऑटोच्या जागी 'ऑन' लिहून दिवसभर चालव, वॉर्निंग गेली तर दोन बटणांचंच प्रकरण आहे हे पक्कं. दुरुस्ती केल्यावर परत 'ऑटो' कर, डीबगएफएस या कर्नलच्या तपासणीच्या फाइलींमधलं क्लॉक समरी उघड आणि बस दोन सेकंद शांत असताना एनेबल काउंट बघ. तरीही १ दिसला तर प्रोब (ड्रायव्हर सुरू होतानाचं फंक्शन) वाच, तिथे क्लॉक चालू करून पीएम रनटाइम सेट अॅक्टिव्ह न म्हणता सरळ रनटाइम पीएम एनेबल केलेलं असलं की तो जादाचा १ पहिल्या मिनिटापासूनच उरतो.