नाळ नव्हे, वार!

प्रश्न : ‘प्लासेंटा’ला मराठीत नाळ म्हणावं की वार? आणि ‘प्री-एक्लॅम्प्सियामध्ये नाळेतलं विष आईच्या रक्तवाहिन्यांत उतरतं’ हे वाक्य बरोबर आहे का?

वार. नाळ म्हणजे बाळाच्या बेंबीपासून निघणारी दोरी. ती जिला जाऊन मिळते ती ताटलीएवढी, अर्ध्या किलोच्या आसपासची मांसल चकती म्हणजे वार. गाय व्याली की गोठ्यात ‘वार पडली का?’ असं विचारतात. शहरातल्या मंडळींना मात्र सगळीकडे नाळच दिसते. आठवड्याचा, तलवारीचा आणि कापडाचा वार सोडून देतो. ते तिघे पुल्लिंगी, ही एकटी स्त्रीलिंगी.

का? कारण ती बहुधा मूळची ‘अपरा’. आयुर्वेदातला शब्द, अपरा म्हणजे मागाहून येणारी. बाळ आधी, ही नंतर. ‘प’चा ‘व’ होतो (दीप–दिवा, कपाट–कवाड), आरंभीचा ‘अ’ गळतो (अरण्य–रान, अरघट्ट–रहाट). अपरा, अवरा, वार! ‘मग वा दीर्घ कसा?’ असं विचारणारे येतीलच. माझा तर्क असा की शेवटचा ‘आ’ जाताजाता आपली मात्रा शेजारच्या अक्षराला देऊन गेला. कुणी ‘वृ’ म्हणजे झाकणे या धातूकडे बोट दाखवतात. अहो, गर्भाला झाकतो तो पातळ पडदा. वार गर्भाशयाच्या भिंतीला एका जागी चिकटलेली असते. धातू शोधण्याआधी एकदा गोठ्यात जाऊन यावं.

लॅटिनवाल्यांनी निदान वस्तू पाहिली होती. प्लासेंटा म्हणजे चपटी पोळी. रिआल्दो कोलोंबो या शरीररचनाकाराने १५५९ मध्ये हे नाव वारेला दिलं.

हां, ते विष. प्री-एक्लॅम्प्सिया या गरोदरपणातल्या रक्तदाबाच्या आजाराला पूर्वी ‘टॉक्सिमिया’, म्हणजे रक्तातली विषबाधा, म्हणत; तिथून ते चिकटलंय. घडतं ते असं : एरवी वारेच्या पेशी गर्भाशयातल्या नागमोडी रोहिण्यांत शिरून त्यांच्या भिंतीतले स्नायू हटवतात, आणि रोहिण्या चांगल्या रुंद होतात. इथे त्या पेशी खोलवर पोचत नाहीत, रोहिण्या अरुंदच राहतात. रक्ताला आसुसलेली वार मग एसएफएलटी-१ नावाचं प्रथिन आईच्या रक्तात भरमसाट सोडते. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर ज्या वाढ-घटकांवर जगतं, त्यांनाच हे प्रथिन धरून ठेवतं. अस्तर बिघडलं की वाहिन्या आवळतात, पाझरतात; रक्तदाब १४०/९० च्या वर, लघवीत प्रथिनं. २००३ मध्ये बॉस्टनच्या अनंत करुमंची यांच्या गटाने हे प्रथिन उंदरांत वाढवलं, तर गाभण नसलेल्या माद्यांनाही तेच झालं. द्राक्षगर्भात बाळ नसतं, नुसती बिघडलेली वार असते, तरी हा आजार होतो. तेव्हा नाळेवर आळ घेऊ नका, ती बिचारी नळी आहे.

उपाय? वार बाहेर पडणं. पडल्यावरही काही आठवडे दाबावर डोळा ठेवावा लागतो, कधीकधी आजार तेव्हाच उपटतो.

हा आजार वाढून झटके येऊ लागले की तो ‘एक्लॅम्प्सिया’. शब्द मूळचा ग्रीक, ‘लख्खकन चमकणं’. झटके वीज पडावी तसे अचानक येतात म्हणून. आपल्याकडे कुणी ‘गर्भाक्षेपक’ लिहितात. आक्षेपक म्हणजे झटके, हे वैद्यांना ठाऊक; बाकीच्यांना वाटतं गर्भावर कुणाचा तरी आक्षेप आहे. त्यापेक्षा ‘बाळंतपणातली आकडी’ म्हणा, आजीलाही कळेल.