प्लास्टरमधला तबला

प्रश्न : महिन्यापूर्वी स्कूटरवरून पडून उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घातलंय. सहा वर्षं तबला शिकतोय. गुरुजी म्हणतात, "घरी बसू नकोस, क्लासला येऊन नुसतं बघ." बघताना प्लास्टरबाहेरची बोटं आपोआप वळवळतात. बघून काही उपयोग होतो, की गुरुजी माझी समजूत घालतायत?
– एक विद्यार्थी, मिरज

उत्तर : मी फिजिओथेरपिस्ट. तालातलं मला बेताचंच कळतं, पण हातांपुरतं सांगते : गुरुजींचं ऐका.

इटलीतल्या पार्मा शहरात मेंदूशास्त्रज्ञ रिझोलाट्टी आणि त्यांचे सहकारी माकडाच्या मेंदूतल्या एकेका पेशीचे संकेत टिपत होते. जागा हालचालीची जुळवाजुळव करणारी. माकडाने खाऊ उचलला की पेशी कडकडायची. गंमत म्हणजे समोरच्या माणसाने उचलला आणि माकड नुसतं बघत राहिलं, तरी त्यातल्या काही पेशी कडकडायच्या. १९९२ साली हे छापून आलं, पुढे त्यांना 'मिरर न्यूरॉन' नाव पडलं. २००२ साली तर शेंग फोडल्याचा नुसता आवाजही काही पेशींना पुरतो, असं दिसलं. (या पेशींच्या नावावर नंतर सहानुभूतीपासून भाषेपर्यंत काय काय खपवलं गेलं. त्यातलं बरंचसं मला पटत नाही.)

पण बघणाऱ्याच्या हाताला ते काम आधी ठाऊक असावं लागतं. आईचे उकडीचे मोदक मी लहानपणापासून बघत होते. पारी डाव्या तळहातावर, उजव्या हाताची चिमूट, एकीला खेटून दुसरी मुखरी. मला दिसायचा तो फक्त देखणा मोदक. एकदा स्वतः करायला घेतला आणि पारी टरकन फाटली. त्यानंतर शेजारी बसले तेव्हा कुठे दिसलं, की आई कळी ओढत नाही, दाबत दाबत वर नेते. लंडनमध्ये २००५ साली बॅले आणि कापोएराच्या (ब्राझीलचा नाचासारखा युद्धप्रकार) नर्तकांना दोन्ही नाच दाखवून मेंदूचे स्कॅन काढले, तर ज्याचा त्याचा मेंदू आपल्या नाचाला जास्त जागा झाला. तुमच्यापाशी सहा वर्षांचा रियाज आहे, तेव्हा हातात बसलेले कायदेच (तबल्याच्या ठरलेल्या बोलरचना) बघा. नवे नंतर.

तुमच्या कामाचा प्रयोगही इटलीतलाच, २०१४ चा. धडधाकट माणसांचे हात दहा तास बांधून ठेवले. तेवढ्याने मेंदूतला हाताचा भाग मंदावतो. ज्यांनी मधल्या वेळात दुसऱ्यांच्या हातांच्या हालचाली पाहिल्या, त्यांचा मंदावला नाही. नुसत्या मनात हालचाली केल्या, त्यांना तो फायदा मिळाला नाही. आता दहा तास म्हणजे दीड महिना नव्हे, हे खरं.

आणि बघून सांधा मोकळा होत नाही. डॉक्टरांची ना नसेल तर वळवळणारी बोटं मुद्दाम हलवा, मूठ उघडमीट करा. बोटं सुजली, निळी पडली किंवा बधिर झाली, तर क्लास सोडून आधी दवाखाना गाठा. प्लास्टर निघालं की पहिल्या दिवशी धिरधिरसारखे जलद बोल नकोत. साधं ना, तिं, तेही पाचच मिनिटं.