वाचकांचे प्रश्न : जायकवाडीचा आकडा आणि डॉकस्ट्रिंग

प्रश्न : मॅडम, मी बीएस्सी झालोय आणि एका लहान संस्थेत धरणांच्या पाणीसाठ्याच्या नोंदी ठेवतो. आधीच्या माणसानं लिहिलेला पायथॉनचा प्रोग्रॅम माझ्या गळ्यात पडलाय. सोबत वीस पानांची वर्डची फाईल आहे, पण तिच्यात एक लिहिलंय आणि प्रोग्रॅम भलतंच करतो. नेटवर शोधावं तर लाईट गेली की नेटही जातं. एखादं फंक्शन काय करतं हे समजून कसं घ्यावं? आणि मी माझी माहिती मराठीत लिहिली तर चालेल का?
— एक वाचक, गंगाखेड

उत्तर : ती वर्डची फाईल फेकून देऊ नका, पण तिच्यावर विसंबूही नका. प्रोग्रॅम बदलतो तेव्हा फाईल उघडून तिच्यातही तोच बदल करणारा माणूस मला बावीस वर्षांच्या शिकवण्यात क्वचितच भेटला. दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी राहतात, म्हणून त्यांची फारकत होते.

तुमच्या अडचणीवरचा पहिला उपाय तुमच्या लॅपटॉपवर आधीपासूनच आहे. पायथॉन चालू करा, आधीच्या माणसाची फाईल इम्पोर्ट करा आणि हेल्प लिहून कंसात फंक्शनचं नाव द्या. त्या फंक्शनला कोणत्या किमती द्यायच्या आणि लिहिणाऱ्यानं त्याविषयी काय लिहून ठेवलंय, ते समोर येतं. काळ्या खिडकीत हे वाचताना पडदा अडकल्यासारखा वाटला तर क्यू दाबा, बाहेर पडाल. पहिल्या तासाला अर्धा वर्ग इथंच घाबरतो. ज्युपिटर नोटबुक (सेल नावाच्या चौकटींत कोड लिहून चालवायची सोय) वापरत असाल तर नावामागे एक प्रश्नचिन्ह टाकलं तरी हीच माहिती मिळते. दोन प्रश्नचिन्हं टाकलीत तर, फंक्शन पायथॉनमध्येच लिहिलेलं असेल तर, त्याचा कोडही दिसतो. तुम्हाला तोच जास्त लागणार आहे. कंस उघडून शिफ्ट आणि टॅब दाबलं की छोट्या चौकटीत हेच उमटतं.

याला नेट लागत नाही. फंक्शनच्या पहिल्याच ओळीला तिहेरी अवतरणचिन्हांत जो मजकूर लिहितात त्याला डॉकस्ट्रिंग म्हणतात, आणि पायथॉन तो त्या फंक्शनलाच चिकटवून मेमरीत ठेवतो. हेल्प तिथूनच वाचून दाखवतं. बॅटरी आहे तोवर ही माहिती तुमच्यासोबत आहे. सेलमधला मजकूर बदललात तर तो सेल पुन्हा चालवा, इम्पोर्ट केलेल्या फाईलमधला बदललात तर पायथॉन बंद करून पुन्हा चालू करा आणि फाईल परत इम्पोर्ट करा, नाहीतर जुनाच मजकूर दिसत राहील.

ही कल्पना पायथॉनची नाही. १९८५ साली आलेल्या जीएनयू ईमॅक्स या एडिटरमध्ये कंट्रोल-एच आणि मग के दाबून कुठलीही कळ दाबा, ती कळ या क्षणी काय करते ते तो सांगतो. तुम्ही स्वतः त्या कळीचं काम बदललं असेल तर बदललेलं सांगतो. छापील पुस्तकाला हे कधीच जमणार नाही.

पण डॉकस्ट्रिंगसुद्धा खोटं बोलू शकते, आणि हे मी सोसलेलं आहे. २०१६ चा उन्हाळा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. १२ एप्रिलला आलेल्या पहिल्या गाडीत दहा टाक्या होत्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी. त्या दिवसांत आमच्या लेकरांनी धरणसाठ्याचा एक प्रोग्रॅम लिहायला घेतला. त्यात दलघमीचे, म्हणजे दशलक्ष घनमीटरचे, टीएमसी करणारं फंक्शन होतं. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, म्हणजेच सुमारे २८.३१७ दशलक्ष घनमीटर. डॉकस्ट्रिंगमध्ये २८.३१७ व्यवस्थित लिहिलेलं होतं. खाली कोडमध्ये घाईत २८.३ पडलं होतं. वाचणारा वरचं वाचून समाधानानं पुढं जायचा.

पैठणच्या जायकवाडीचा उपयुक्त साठा पूर्ण भरल्यावर २१७१ दलघमी. बरोबर भागाकार केला तर ७६.६७ टीएमसी येतात, आमच्याकडे ७६.७१ येत होते. शंभरातल्या चार आण्यांएवढाही फरक नाही, म्हणून कुणाच्या डोळ्यांत आला नाही. पण पाण्यात मोजला तर तो जवळजवळ १२९ कोटी लिटर निघतो. त्या पहिल्या गाडीसारख्या अडीच हजारांवर खेपा! रात्री वहीत हा हिशेब मांडला आणि मला झोप लागली नाही.

त्यानंतर मी प्रत्येक वर्गाला पहिल्या महिन्यातच डॉकटेस्ट शिकवते. ते पायथॉनसोबतच येतं, २००१ सालच्या २.१ आवृत्तीपासून, वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही. डॉकस्ट्रिंगमध्ये नुसतं वर्णन लिहायचं नाही, उदाहरणही लिहायचं, आणि खाली अपेक्षित उत्तर :

>>> दलघमी_ते_टीएमसी(२१७१)
७६.६७

मग डॉकटेस्टमधलं टेस्टमॉड चालवा. ते डॉकस्ट्रिंगमधली अशी उदाहरणं शोधतं, खरोखर चालवून बघतं आणि आलेलं उत्तर लिहिलेल्या उत्तराशी अक्षर न् अक्षर ताडून पाहतं. म्हणून उत्तर दोन दशांशांपर्यंत राऊंड करूनच परत पाठवा. कोडमध्ये २८.३ असेल तर पडद्यावर सरळ येतं : एक्स्पेक्टेड ७६.६७, गॉट ७६.७१. म्हणजे माहिती आणि प्रोग्रॅम यांच्यात फारकत झाली की त्याच दिवशी कळतं. सगळं बरोबर असेल तर मात्र ते पडद्यावर चूक म्हणून काहीच छापत नाही. दरवर्षी कुणीतरी लेकरू ओरडतंच, "मॅडम, हे काहीच दाखवंना!" काही दाखवत नाही म्हणजे जमलं.

तुमच्या वीस पानी फाईलचं काय करायचं? रोज एक फंक्शन घ्या. फाईलमध्ये त्याविषयी जे लिहिलंय त्याचं एक उदाहरण बनवा, उत्तर आधी हातानं वहीत काढा, मग ते डॉकस्ट्रिंगमध्ये घालून चालवा. जुळलं तर तो मजकूर आत घ्या. नाही जुळलं तर फाईल चुकली की प्रोग्रॅम, हे तुमच्या वरिष्ठांना विचारल्याशिवाय ठरवू नका. आमच्या २८.३ सारखा आकडा मुद्दाम ठेवण्यामागे कुणाचं काही कारणही असू शकतं, आणि असेल तर तेही तिथंच लिहून ठेवा.

आता मराठीचं. चालेल, आणि मला विचाराल तर मराठीतच लिहा. पायथॉन ३ मध्ये डॉकस्ट्रिंगच काय, फंक्शनचं नावही देवनागरीत चालतं. वरचं उदाहरण तसंच आहे. फक्त आकडे जपा. या पानावर ते देवनागरीत छापलेत, कोडमध्ये मात्र इंग्रजी आकडेच टाका, नाहीतर पायथॉन ती ओळ नाकारेल. गंमत अशी की नोंदींच्या फाईलमधून मजकूर म्हणून आलेला देवनागरी पूर्णांक इंट फंक्शनला दिला तर ते तो बिनतक्रार ओळखतं, त्यामुळे तलाठ्याच्या मराठी नोंदी पुन्हा टाईप करत बसू नका. विंडोजच्या काळ्या खिडकीत जोडाक्षरं तुटलेली दिसली तर मजकूर बिघडला असं समजू नका. ज्युपिटर ब्राउझरमध्ये उघडतं, तिथं ती नीट दिसतात.

प्रश्न : ज्युपिटर नोटबुकमध्ये रात्री बरोबर आलेलं उत्तर समोर छापलेलं दिसतंय. सकाळी तोच सेल पुन्हा चालवला तर पायथॉन म्हणतो, हे नाव माहीत नाही. मी काहीही बदललेलं नाही.
— एक वाचक, सेलू

उत्तर : छापलेलं उत्तर फाईलमध्ये साठतं, पण व्हेरिएबल नुसत्या मेमरीत असतात, लॅपटॉप बंद झाला की जातात. सकाळी वरचे सेल आधी चालवलेत का ते बघा. चालवूनही तीच तक्रार असेल तर ते नाव तयार करणारा सेल रात्री तुमच्याकडून बहुधा पुसला गेलाय. पुसला तरी नाव मेमरीत शिल्लक होतं, म्हणून रात्री सगळं चाललं. सेलच्या डावीकडे चौकटी कंसात जे आकडे येतात ते वरून खाली १, २, ३ असे ओळीनं नसतील तर समजा की क्रम बिघडलाय. कर्नल मेनूतून रीस्टार्ट करून सगळे सेल पहिल्यापासून चालवा. जिथं ते थांबेल त्या सेलमधलं नाव बघा आणि ते कुठून आलं होतं ते आठवून ती ओळ वर परत लिहा.