दुसरा भाग आणि दुमडलेलं पान

सदाशिव पेठ, पुणे
मंगळवार, रात्री साडेनऊ

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

वरच्या खोलीत तू, खाली मी, मध्ये फक्त सतरा पायऱ्या. तरी पत्र लिहितेय. तू अभ्यासिकेतून येतेस तेव्हा मी झोपलेली असते आणि मी उठते तेव्हा तू. शिवाय समोर बसवून काही सांगितलं की तू लगेच ‘हो काकू, बरोबर काकू’ म्हणून मोकळी होतेस.

रविवारच्या वाचनकट्ट्यासाठी लिहिलेलं तुझं टिपण वाचलं. दोन पानांत ‘संमिश्र भावना’ चार वेळा आणि शेवटी पाचपैकी साडेतीन तारे. साडेतीन मुहूर्त ठाऊक आहेत, साडेतीन शहाणे ठाऊक आहेत, हे साडेतीन तारे कुठून आणलेस? ली बार्डुगोंची ‘क्रुकेड किंगडम’, म्हणजे ‘सिक्स ऑफ क्रोज’ या कादंबरीचा दुसरा भाग, तुला साडेतीन आवडलेला नाही गं. काही पानं तुला पाचच्या पाच आवडलीत आणि काही पानांवर तू मनापासून चिडली आहेस. तू दोन्हीची सरासरी काढलीस, आणि त्यात तुझा आनंदही गेला नि रागही.

मी वाचनालयाच्या काउंटरवर ३१ वर्षं काढली. ‘दुसरा भाग आला का?’ हा प्रश्न किती वेळा ऐकला असेल! तोच दुसरा भाग परत करताना माणसं पुस्तक जरा हळू ठेवायची. कसं वाटलं विचारलं तर म्हणायची, ‘चांगलंय, पण...’ आणि त्या ‘पण’नंतर बहुतेक जण छत्री उचलून निघून जायचे. रविवारी तू त्या ‘पण’च्या पुढे बोलावंस, एवढीच माझी इच्छा.

आमच्या लहानपणी ही अडचणच नव्हती. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे एका पुस्तकात जिवावरच्या संकटातून सुटायचा आणि पुढच्यात पुन्हा तसाच, सायकलवर, ‘ट्टॉक’ करत हजर. आधीच्या साहसाचं ओझं त्याच्या पाठीवर नसायचं. फुरसुंगीचा बन्या जन्मभर तेवढाच राहिला आणि आम्हीही त्याच्याकडे कसला हिशेब मागितला नाही. बार्डुगोंच्या चोरट्या पोरांच्या टोळीला ती सोय नाही. २०१५ च्या ‘सिक्स ऑफ क्रोज’मध्ये जे उधार घेतलं, ते २०१६ मध्ये फेडायचं होतं.

आता तुझी पहिली तक्रार. मधली दीडशे पानं रेंगाळतात असं तू म्हणतेस, पण का रेंगाळतात ते सांगत नाहीस. पहिल्या पुस्तकात एकच किल्ला होता, आइस कोर्ट. आजवर कुणी आत शिरू न शकलेला. आत जायचं, एका माणसाला बाहेर काढायचं, बक्षीस तिथल्या चलनात ३ कोटी. दिशा एकच असल्याने वाचणारा बाणासारखा जातो. दुसऱ्यात सगळं टोळीच्या केटरडॅम शहरातच घडतं. पळवून नेलेल्या सोबतीण इनेजला सोडवा, मग टोळीला फसवणाऱ्या व्हॅन एक या व्यापाऱ्याला अडकवा, मग तो शेवटचा लिलाव. एक डाव संपतो, लगेच दुसरा मांडला जातो. वाचणारा दमतो तो लांबीमुळे नाही, दर वेळी पहिल्यापासून धावावं लागतं म्हणून.

आणि एक बारीक गोष्ट, जी तुझ्या लक्षात आली असणार पण शब्दांत आलेली नाही. दरोड्याच्या गोष्टीत बेत आधी सविस्तर सांगितला तर तो हमखास फसणार, आणि लेखकाने तो झाकून ठेवला तर पार पडणार. नाहीतर तेच दोनदा वाचावं लागेल. पहिल्या भागात आपल्याला ही मेख ठाऊक असूनही आपण विसरतो. दुसऱ्या भागापर्यंत टोळीच्या म्होरक्याला, काझला, आपण पुरते ओळखून असतो. तो संकटात सापडला की ‘याच्या बाहीत अजून काहीतरी असणार’ असं वाटून आपण निवांत बसतो. जादूगाराचा पहिला प्रयोग बघताना नजर त्याच्या चेहऱ्यावर असते, दुसऱ्याच्या वेळी ती त्याच्या हातावर जाते. हा दोष लेखिकेचा किती आणि दुसऱ्या भागाच्या जातीचाच किती, यावर तुझ्या कट्ट्यावर भांडण व्हायला हवं. माझं मत विचारशील तर निम्मं-निम्मं. (बघ, मीही सरासरीच काढली.)

टोळीतल्या मथायसच्या मरणाबद्दल तू लिहिलंस, ‘उगाच मारला.’ यावर मात्र मी भांडणार. त्याला गोळी घालणारा कोण आहे ते पुन्हा वाच. त्याच्याच जुन्या, जादूगारांची शिकार करणाऱ्या पंथातला एक पोरगा, मथायसला जे शिकवलं गेलं तेच शिकून तयार झालेला. मथायस त्याच्याशी बोलू बघतो, म्हणजे एका अर्थी स्वतःच्या जुन्या रूपाशीच बोलतो, आणि ते रूप ऐकत नाही. हे उगाच नव्हे. पण ते फार अचानक येतं, आणि शोक करायला पुस्तक पुरेसा वेळ देत नाही, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. तर मग तसंच लिही. ‘मारायला नको होता’ हे तुझं दुःख झालं आणि ‘घाईने मारला’ हे परीक्षण. दोन्ही लिही, फक्त एकाचे कपडे दुसऱ्याला घालू नकोस.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, चटका बसलाय म्हणून सांगते. तरुणपणी एका मासिकाला एका कादंबरीचं परीक्षण पाठवलं होतं, असंच अर्धं गोड, अर्धं कडू. संपादकांचं कार्ड आलं, चांगली की वाईट ते एकदा ठरवा. मी रात्रीत कडू भाग काढून टाकला. छापून आलं, आईने शेजारी दाखवलं. आजही तो अंक हाती लागला की मी पान उलटून पुढे जाते.

आता एकच गोष्ट. टोळीतल्याच जेस्परच्या वडिलांबद्दल तुझ्या टिपणात एक अक्षरही नाही. शेत गहाण टाकून पोराला मोठ्या शहरातल्या विद्यापीठात पाठवणारा कोल्म फाही. पोरगा शिकतोय या समजुतीवर राहिलेला, आणि पोरगा जुगाराच्या टेबलावर. बाप शहरात येऊन उभा राहतो तेव्हा जेस्परचा नेहमीचा विनोद कसा आटतो! मला विचारशील तर हे पुस्तक तिथे पहिल्यापेक्षा मोठं होतं. पहिल्या भागातल्या पोरांना जणू मागे कुणी नव्हतंच. इथे घर दारात येतं. आपल्या पेठेत, जिथे दर दुसऱ्या जिन्यात कुणाचा तरी मुलगा परीक्षेच्या तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला बसलाय आणि गावी फोनवर ‘चाललंय, बरं चाललंय’ म्हणतोय, तिथे हा प्रसंग कुणाला समजावून सांगावा लागणार नाही.

तू जुगार खेळत नाहीस हे मला ठाऊक आहे. मेसचा डबा अर्धा परत जातो, तेही ठाऊक आहे. बाकी मी काही विचारत नाही.

टिपणाच्या समासात पेन्सिलीने खुणा केल्यात, पटतील त्या घे. पुस्तक जिन्याच्या कोनाड्यात ठेवलंय, वर्तमानपत्रात गुंडाळून, कारण पाऊस आत येतो. कोल्म पहिल्यांदा येतो त्या पानाचा कोपरा दुमडलेला होता. मी सरळ केलेला नाही. पुस्तकाचं पान मी आयुष्यात कधी दुमडलं नाही, तेव्हा ते काम माझं नव्हे.

तुझी,
खालची काकू