खानापूर भागातल्या मराठी शाळेत इंग्रजी शिकवायला स्मार्ट टीव्हीचा उपयोग कसा करावा?

तुमच्या शाळेला स्मार्ट टीव्ही मिळालाय आणि सहावीच्या इंग्रजीला तो कसा वापरावा, असं तुम्ही विचारलंय. मी बेळगाव भागात मराठी माध्यमालाच इंग्रजी शिकवतो. माझं स्पष्ट मत आहे: टीव्हीच्या आधी खिशातला मोबाईल कामाला लावा.

टीव्हीवर व्हिडिओ लावला की वर्ग गप्प होतो आणि आपल्याला वाटतं, पोरं शिकतायत. आपल्या पोरांची खरी अडचण बोलण्याची आहे. मराठी, कन्नड दोन्ही कानावर असलेली ही पोरं बाजारात बेधडक बोलतात, इंग्रजीला मात्र तोंड उघडत नाहीत.

मी मोबाईलचं व्हॉइस टायपिंग, म्हणजे बोललेलं आपोआप लिहिणारी सोय, इंग्रजीवर ठेवतो आणि एकेकाला वाक्य म्हणायला लावतो. 'आय सॉ अ शीप' म्हणताना 'शी' आखूड झाला, तर मेंढीच्या जागी जहाज, म्हणजे 'शिप', उमटतं. मग तोच पोरगा "सर, थांबा की, परत म्हणतो" म्हणून पुढे सरकतो. मी चूक दाखवली असती तर तो खाली बसला असता. यात एक काळजी घ्या. हे सॉफ्टवेअर शेजारच्या शब्दांवरूनही अंदाज बांधतं, म्हणून दोन्ही शब्द बसतील असंच वाक्य निवडा. 'शीप' गवत खातंय म्हटलं, तर उच्चार चुकला तरी ते बरोबर लिहील. लहान मुलांचा आवाज आणि वर्गातला गोंगाट यांमुळेही ते चुकतं, तेव्हा यावर गुण मात्र देऊ नका.

टीव्ही गोष्टी वाचायला ठेवा. 'प्रथम बुक्स' या प्रकाशन संस्थेनं २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर गोष्टी फुकट उतरवून घेता येतात, आणि बऱ्याच गोष्टी मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्हींत सापडतात. आधी मराठीतून वाचा, मग तीच इंग्रजीतून. अर्थ ठाऊक असला की पोरं वाक्याला घाबरत नाहीत. घरी कन्नड बोलणाऱ्या मुलांना कन्नड गोष्ट दाखवा, त्यात कमीपणा काही नाही. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात रेंजचा भरवसा नसतो, म्हणून सगळं आधीच पेनड्राइव्हवर घ्या. लाइट गेली तर मोबाईल आहेच.

मुलांचं वाचन रेकॉर्डही करा, महिन्याभरानं त्यांनाच ऐकवा. पण ते गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. आई-वडिलांना ऐकवायचं असेल तर पालकसभेला बोलवा आणि मुलाला विचारूनच लावा.