मागचे ॲक्सल शाफ्ट बदलले, आता बेअरिंग बोलतंय

प्रश्न : माझ्या गाडीचे मागचे दोन्ही ॲक्सल शाफ्ट (चाक फिरवणारे दांडे) बदलले. बेअरिंग, सील, कॉलर (बेअरिंग शाफ्टवर धरून ठेवणारी कडी), सगळं नवं टाकलं. पाचशे किलोमीटरच्या आतच उजव्या बाजूने घरघर सुरू झाली. बेअरिंगच खराब निघालं असं गॅरेजमध्ये सांगतात. दुसरं टाकू का?

उत्तर : टाकावं तर लागेलच, पण पहिलं का गेलं ते कळल्याशिवाय टाकू नका. नवं बेअरिंग इतक्या लवकर बोलायला लागलं, तर दोष बहुतेक वेळा ते बसवण्यात असतो.

आवाज बेअरिंगचाच आहे ना, हे आधी ठरवा. ॲक्सिलरेटर दाबल्या-सोडल्यावर आवाजाचा सूर बदलत असेल तर संशय क्राउन-पिनियनवर (ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या जोडीवर) घ्यावा. बेअरिंगची घरघर ॲक्सिलरेटरने बदलत नाही, वेगाबरोबर वाढते. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकावर येतो, म्हणून उजवं बेअरिंग गेलेलं असेल तर बहुधा डाव्या वळणावर जास्त ओरडतं. मग सपाट जागी पुढच्या चाकांना अडण लावा, मागचा ॲक्सल स्टँडवर घ्या (नुसत्या जॅकवर नको), गिअर न्यूट्रल करा आणि हँडब्रेक सोडा. एका हाताने चाक सावकाश फिरवायचं, दुसऱ्या हाताची बोटं बॅकिंग प्लेटवर (ड्रममागच्या न फिरणाऱ्या पत्र्यावर) टेकवायची. बेअरिंग बिघडलं असेल तर बोटांना वाळू दळल्यासारखी खरखर लागते. आवाज प्रत्येक फेऱ्यात ठरावीक जागीच येत असेल तर ड्रमला ब्रेकचा शू घासतोय का ते आधी बघा.

शाफ्टवर प्रेसने बसणाऱ्या बेअरिंगचा नियम एकच आहे : जोर फक्त आतल्या रेसवर (गोळ्या जिच्यावर पळतात त्या रिंगवर) द्यायचा. बाहेरच्या रेसवर दाब दिला किंवा हातोड्याने ठोकलं, की तो सगळा जोर गोळ्यांमधून जातो आणि रेसवर बारीक खड्डे उमटतात. म्हणून काढलेलं बेअरिंग फेकू नका. साफ करून त्याची रेस उजेडात तिरपी धरा. गोळ्यांच्या अंतराइतक्या अंतरावर सारखे खड्डे दिसले तर ते ठोकल्याचे. चकाकता पट्टा मधोमध नसून एका कडेला सरकलेला असेल तर बाजूने दाब येत होता. निळसर झाक असेल तर ते तापलं आहे.

बाजूचा दाब बहुतेक वेळा शाफ्टच्या लांबीमुळे येतो. नवा शाफ्ट दोन मिलिमीटर जरी लांब निघाला तरी त्याचं टोक डिफरन्शिअलमध्ये (दोन्ही शाफ्टना ताकद वाटून देणाऱ्या मधल्या गिअरमध्ये) टेकतं. मग बेअरिंग जागेवर धरणाऱ्या प्लेटचे बोल्ट आवळताना तो जबरदस्तीने आत खेचला जातो आणि भार बेअरिंगवर पडतो. त्यामुळे जुना आणि नवा शाफ्ट शेजारी ठेवून लांबी मोजा, स्प्लाइनचे (शाफ्टच्या टोकावरच्या खाचांचे) दातही मोजा. बसवताना प्लेट हाताच्या जोराने हौसिंगला (ॲक्सलच्या बाहेरच्या कवचाला) पूर्ण टेकली पाहिजे. फट राहिली तर बोल्टने ओढू नका, शाफ्ट बाहेर काढा. जिथे प्ले (शाफ्टची आत-बाहेर मोकळी हालचाल) शिमने, म्हणजे पातळ चकत्यांनी, ठरवतात तिथे जुन्या शिम तशाच घालून भागत नाही, नवा शाफ्ट बसवून प्ले पुन्हा मोजावा लागतो.

क्रमही बघून घ्या. अशा शाफ्टवर सहसा आधी प्लेट, मग सील, मग बेअरिंग आणि शेवटी कॉलर चढते. बेअरिंग आणि कॉलर एका दमात दाबू नका, दोन वेळा प्रेस करा. जुनी कॉलर पुन्हा कधीच वापरायची नाही. तिची पकड सैल झालेली असते. कॉलर सरकली तर शाफ्ट चाकासकट बाहेर येतो, इथे जिवाशी गाठ आहे. जुनी कॉलर काढताना ड्रिल अर्ध्याहून थोडं खोल न्या आणि बाकीची छिन्नीने फोडा. ड्रिलचं टोक शाफ्टला लागू देऊ नका, त्या ओरखड्यापासून शाफ्टला चीर जाऊ शकते.

प्रश्न : माझ्या गाडीचे शाफ्ट सी-क्लिपचे (आतल्या टोकाला C आकाराच्या क्लिपने अडकवलेले) आहेत. नवा शाफ्ट टाकला, बेअरिंग चांगलं दिसलं म्हणून जुनंच ठेवलं. आता नव्या शाफ्टवरच खड्डे पडलेत.

उत्तर : या प्रकारात बेअरिंगला आतली रेस नसते, रोलर थेट शाफ्टवर पळतात. झिजलेले रोलर नवा शाफ्ट खातात आणि खड्डे पडलेला शाफ्ट नवं बेअरिंग खातो. बेअरिंग नवं टाकाच, आणि खड्डे नखाला लागत असतील तर शाफ्टही बदला. हे बेअरिंग गिअर ऑइलवरच जगतं, त्यामुळे पातळी तपासा. जुन्या तेलात लोखंडाची चमकी दिसली तर कव्हर उघडून आतून पुसून घ्या, नाहीतर तीच चमकी नव्या रोलरखाली जाईल.

प्रश्न : सील नवं, तरी ड्रममध्ये तेल येतंय.

उत्तर : आधी ॲक्सलचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं छोटं भोक) बघा. तो चिखलाने बुजला की आतली हवा तापून तेल सीलबाहेर ढकलते. ब्रीदर मोकळा असेल तर शाफ्ट घालताना स्प्लाइनने सीलची कड कापली गेली असेल. कडेला तेल लावून, शाफ्टचं वजन हातावर पेलूनच तो आत सरकवायचा असतो. एकाच बाजूचं सील आणि बेअरिंग वारंवार जात असेल तर हौसिंग वाकलंय का ते मोजून घ्या. तेल प्यालेले ब्रेक शू धुऊन वापरू नका, दोन्ही चाकांचे बदला.