जुन्या मोटारी, वाचकांचे प्रश्न: मॉरिस मायनरची पुढची चाके

प्रश्न : माझ्याकडे १९५९ सालची मॉरिस मायनर १००० आहे. गाडी डावीकडे ओढते आणि पुढच्या डाव्या टायरची आतली कड झिजून गुळगुळीत झाली आहे. दोन ठिकाणी संगणकावर अलाइनमेंट करून घेतली. टो (वरून पाहता पुढची चाके किती आत वळली आहेत ते) पडद्यावर हिरवा, म्हणजे बरोबर येतो, पण डाव्या चाकाचा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) लालच राहतो आणि ‘या गाडीत कॅम्बरला अ‍ॅडजस्टमेंट नाही’ असे सांगून मला परत पाठवतात. काय करावे? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपल्याला सांगितले ते खरे आहे, पण अर्धेच. अ‍ॅलेक इसिगोनिस यांच्या आराखड्यानुसार १९४८ साली बाजारात आलेल्या या गाडीत कारखान्याने फक्त टो-इन जुळवण्याची सोय ठेवली. सुमारे १ अंश कॅम्बर आणि ३ अंश कॅस्टर (चाक ज्या उभ्या पिनवर वळते तिचा मागे झुकाव) हे सुट्या भागांच्या मापांतूनच मिळतात. तेव्हा कॅम्बर लाल दिसतो याचा अर्थ एखादा भाग झिजला आहे, वाकला आहे किंवा चुकीचा बसवला आहे. तो भाग सापडण्याआधी टो जुळवून घेण्यात पैसे घालवू नयेत.

आपल्या गाडीत मला दोन वेगळी दुखणी दिसतात. आतली कड झिजते म्हणजे चाक वरच्या बाजूने आत कलले आहे. पण नुसते तेवढेच असते, तर गाडी उजवीकडे ओढली गेली असती. ती डावीकडे जाते, त्यामुळे डाव्या बाजूचा कॅस्टरही कमी झाला असावा. आपल्याकडे रस्त्यांना डावीकडे उतार असतो हे खरे, पण त्याने होणारी ओढ किरकोळ असते. डावा ब्रेक चिकटत नाही ना, हे मात्र आधी पाहावे. दहा किलोमीटर चालवून दोन्ही ड्रमांजवळ हात नेला की डावा जास्त तापला आहे का, ते लगेच कळते.

चाक कलण्याचे मूळ बहुधा खालच्या ट्रनियनमध्ये (त्या उभ्या पिनला खालच्या आर्मशी, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याशी जोडणारा सांधा) असते. चाक जॅकवर उचलून वर आणि खाली धरून हलवावे आणि त्याच वेळी दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावे. ब्रेक दाबताच ढिलाई नाहीशी झाली तर दोष बेअरिंगचा. तरीही राहिली तर ट्रनियनचा, आतल्या बुशांचा किंवा वरच्या शॉकअबचा (शॉक अब्सॉर्बरचा). या गाडीत शॉकअबचा हात हाच वरचा आर्म असल्यामुळे त्याचा शाफ्ट झिजला की कॅम्बर बिघडतो. नुसते तेल भरून हा दोष जात नाही. शॉकअब दुरुस्त करावा लागतो किंवा बदलावा लागतो.

ट्रनियनमध्ये ढिलाई सापडली तर ती बदलेपर्यंत गाडी चालवू नये. ट्रनियन पिनच्या आट्यांवर फिरते. त्या आट्या कोरड्या राहून झिजल्या की एके दिवशी चाक मडगार्डखाली दुमडते. हे पुष्कळदा पार्किंगमध्ये, स्टिअरिंग पूर्ण वळवलेले असताना घडते म्हणून माणसे बचावतात, इतकेच. डाव्या-उजव्या बाजूंच्या आट्या उलट दिशेच्या असतात, त्यामुळे भाग मागवताना बाजू सांगावी. नवी ट्रनियन तळापर्यंत कसून ठेवू नये. चाक दोन्हीकडे पूर्ण वळेल इतकी ती मागे फिरवावी. पुढे दर दीड हजार किलोमीटरला, चाक अधांतरी ठेवून, जुने काळे ग्रीस बाहेर पडेपर्यंत ग्रीस गन चालवावी.

कॅस्टरसाठी खालच्या आर्मपासून पुढे जाणारा टाय बार आणि त्याची रबरे तपासावीत. रबर दबले की चाक मागे सरकते. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधले अंतर दोन्ही बाजूंनी फितीने मोजावे. डावीकडचे कमी भरले तर शंका जवळजवळ खरी ठरली.

हे सगळे झाल्यावरच टो जुळवावा. त्याचे माप ३/३२ इंच, म्हणजे सुमारे २.४ मिलिमीटर आत, आणि ते घरीही घेता येते. दोन्ही टायरांवर पुढच्या बाजूस, हबच्या उंचीवर खडूने खूण करून खुणांमधले अंतर मोजावे, मग गाडी चाकाच्या अर्ध्या फेऱ्याने पुढे ढकलून त्याच खुणा मागे आल्या की पुन्हा मोजावे. रिम किंचित वाकडी असली तरी या पद्धतीत त्याचा परिणाम होत नाही. दोन्ही टाय रॉड (स्टिअरिंगकडून चाके वळवणारे दांडे) सारखेच फिरवावेत, नाहीतर स्टिअरिंगचा रॅक मध्यावर राहत नाही; आणि लॉक नट सोडण्याआधी रबरी बूटची क्लिप सैल करावी, म्हणजे बूट पिळला जाऊन फाटणार नाही.

प्रश्न : माझी मायनर ड्रायव्हरच्या बाजूला खाली बसली आहे. दोन्ही टॉर्शन बारांची (पिळून स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्यांची) अदलाबदल केली तर चालेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : मुळीच नाही. वापरलेल्या बारला एकाच दिशेने पीळ पडलेला असतो. उलट पिळला तर तो तुटू शकतो. आधी मागची पाटा स्प्रिंग बसलेली नाही ना, ते पाहावे, कारण मागची एक बाजू खचली की पुढची उंचीही फसवी दिसते. दोष पुढचाच ठरला तर बारच्या मागच्या टोकाच्या लिव्हरची जागा बदलून उंची वाढवता येते, मात्र हे काम माहितगार मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. भार न उतरवता बोल्ट काढला तर लिव्हर जोरात उसळते. उंची बदलली की कॅम्बर आणि टो दोन्ही बदलतात, म्हणून हे काम अलाइनमेंटच्या आधी.

प्रश्न : ताशी साठच्या सुमारास स्टिअरिंग थरथरते. (एक वाचक, पणजी)

उत्तर : आधी बॅलन्सिंग, मग टाय रॉड एंड. हवाही तपासावी, मायनरला पुढे सुमारे २२ पाउंड पुरते, पण पंपावर सवयीने ३० ते ३२ भरतात. बॅलन्सिंगनंतरही थरथर राहिली तर पहिल्या उत्तरातली ब्रेक दाबून करायची तपासणी दोन्ही चाकांवर करावी.